फ्लूने फुप्फुसाची हानी अभ्यासायची, तर उंदीर की फेरेट?

फेरेट हा लांबुडका, मुंगसासारखा दिसणारा प्राणी. माणसाचा फ्लू त्याला सहसा जसाच्या तसा लागतो, कारण त्याच्या श्वसनमार्गातले ग्राही रेणू (विषाणू पेशीला ज्यांच्या आधारे चिकटतो ते) बरेचसे आपल्यासारखे असतात. ताप येतो, शिंका येतात. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांकडून आलेला हा विषाणू फेरेटमध्येच वाढवला. १९३६ मध्ये तर आजारी फेरेटच्या शिंकेतून संशोधकालाच फ्लू झाल्याची नोंद झाली! संसर्ग कसा पसरतो हे पाहायला याहून चांगला प्राणी मला माहीत नाही.

उंदराचं तसं नाही. तो शिंकत नाही, ताप येण्याऐवजी त्याचं अंग गार पडतं, आणि विषाणू बहुधा आधी त्याच्या शरीरात रुळवून घ्यावा लागतो. पीआर८ हा असाच रुळवलेला विषाणू. मात्र तो फुप्फुसात खोलवर उतरला की वायुकोशांत द्रव आणि पांढऱ्या पेशी भरतात, वजन झपाट्याने उतरतं. एखादं जनुक बंद करून ही हानी वाढते की घटते, हे पाहण्याची सोय उंदरात सर्वाधिक आहे. फेरेट महागही पडतो.

म्हणून हानीमागची यंत्रणा शोधताना मी उंदीरच निवडेन. पण बऱ्याच प्रयोगशाळांतल्या उंदरांत एमएक्स१ हे फ्लूरोधक जनुक निकामी असतं, हे निष्कर्ष काढताना विसरून चालणार नाही.