‘४०० इन १’ हँडहेल्ड: मारिओ दिसतो तोच, ऐकू येतो वेगळा

जांभळी नाक्यापासून ठाणे स्टेशनपर्यंत मोबाइल कव्हरच्या दुकानांत चारशे-साडेचारशेला टांगलेला असतो तो हँडहेल्ड, म्हणजे चारशे जुने व्हिडिओ गेम भरलेला, हातात धरून खेळायचा डबा. कंपनीचं नाव नाही, लाल नाहीतर काळं प्लास्टिक, तीन इंची स्क्रीन, आत जुन्या नोकियात असायची त्या मापाची बीएल-५सी बॅटरी. चालतो का? चालतो. बटणं आणि स्क्रीनबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे फक्त आवाजाचं बोलू. कारण गाडी रुळावरून घसरते ती तिथेच.

यातले बहुतेक खेळ १९८३च्या फॅमिकॉमसाठी, म्हणजे निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रासाठी लिहिलेले. त्या यंत्रात आवाज पाचच: दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक नॉइज आणि एक रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांसाठी. संगीतकार कोजी कोंदोंनी १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला एवढ्याच सामानात चाली दिल्या. वाद्यच नाही म्हटल्यावर भाव आणायचा तो लहरीच्या आकारातून. चौकोनी लहर निम्मा वेळ वर, निम्मा वेळ खाली असेल (५० टक्के), तर आवाज पोकळ आणि गोल येतो, वरातीच्या बँडमधल्या क्लॅरिनेटसारखा. तीच २५ टक्क्यांवर आणली की नाकातला, धारदार, सनईकडे झुकणारा आवाज. संगीतकाराने चाल कुठल्या आवाजात आणि साथ कुठल्या आवाजात, हे ठरवून ठेवलेलं असतं.

या डब्यांतल्या स्वस्त क्लोन चिपांचा, म्हणजे मूळ चिपच्या नकलांचा, जुना रोग असा, की अनेकींत २५ आणि ५०ची अदलाबदल झालेली असते. सूर तेच, ताल तोच, पण सनईवाल्याच्या हातात क्लॅरिनेट आणि क्लॅरिनेटवाल्याच्या हातात सनई. चाल २५वर आणि साथ ५०वर लिहिलेली असेल, तर मुख्य चाल मऊ पडते, मागची साथ पुढे येऊन टोचते. ‘काहीतरी चुकतंय पण सांगता येत नाही’ असं वाटलं तर आधी याचाच संशय घ्या. तोच खेळ मोबाइलवरच्या चांगल्या एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये) लावा आणि पहिली दहा सेकंद आलटूनपालटून ऐका, लगेच कळेल. यावर घरी इलाज नाही. दोष चिपमध्ये आहे, सेटिंगमध्ये नाही.

बेसचं दुखणं वेगळं. बेस सहसा त्रिकोणी लहरीवर असतो आणि तिला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही. वाजते किंवा वाजत नाही. डब्यातला स्पीकर रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, त्यामुळे खालचे सूर तो काढतच नाही. चौकोनी लहरीचा बेस असता तर वरच्या ठणठणीत स्वरांशांवरून (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांवरून) कानाने तो भरून काढला असता. त्रिकोणीत ते स्वरांश झपाट्याने क्षीण होतात, म्हणून कानाला धरायला काहीच उरत नाही. डग्गा काढून घेतलेला तबला ऐकावा तसं होतं. मारिओची उड्या मारणारी चाल त्यावाचून किरकिरी वाटते. भुयाराच्या चालीचं तर त्याहून वाईट: तिची भीती सुरांमधल्या रिकाम्या जागांत आहे आणि या डब्यात त्या जागा स्पीकरच्या सळसळीने भरतात.

बेस परत आणता येतो. टीव्हीला जोडायला सोबत येणाऱ्या एव्ही केबलचं पांढरं टोक चांगल्या स्पीकरला लावा, पिवळं टीव्हीला. ही केबल डब्याच्या ज्या भोकात जाते, त्यात थेट हेडफोन मात्र घालू नका. एका कानात व्हिडिओचा सिग्नल शिरतो आणि भुणभुण ऐकू येते. चार्जर लावून खेळताना गुणगुण वाढत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर खेळा. व्हॉल्यूमची चकती पाऊणच्या पुढे नेली की आवाज फाटतो.

आता लय. या चालींचा ताल चित्राच्या फ्रेमला बांधलेला असतो. मूळ यंत्र सेकंदाला ६० फ्रेम दाखवायचं. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठीचे अनेक क्लोन ५०. सूर जवळपास तोच राहतो, पण लय सहाव्या हिश्शाने उतरते. दुकानातच तपासा. मारिओच्या पहिल्या पातळीत उभे राहा आणि वरचा ‘टाइम’ ५०ने कमी व्हायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा. २० सेकंद लागले तर मूळ वेग, २४ लागले तर ५० फ्रेमचा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. यात बरोबर-चूक मात्र सरळ नाही. ज्यांच्या कानात ती संथ, डुलत चालणारी चाल बसली आहे, त्यांना मूळ वेग लोकल पकडायला धावल्यासारखा वाटतो.

उडी मारताना किंवा नाणं घेताना चालीतला एक आवाज क्षणभर गळतो, त्यासाठी डबा परत करायला जाऊ नका. मूळ यंत्रातही इफेक्टला वेगळा आवाज नव्हता, चालीतलाच एक उसना घेतला जायचा.

लहान मुलाला सुट्टीत खेळायला हवा असेल तर घ्या. चालींसाठी घ्यायचा असेल तर दुकानातच स्टॉपवॉच आणि एम्युलेटर दोन्ही लावून बघा. २५-५०ची अदलाबदल नसलेला नग निघाला तर रंगाचा हट्ट धरू नका, तोच उचला.