आधी कोर्स की आधी हंगाम? सी कयाक गाईड होऊ पाहणाऱ्यांसाठी

सी कयाक म्हणजे समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद होडी. तिचा रोल, म्हणजे उलटल्यावर आत बसूनच सुलटं होणं, बऱ्यापैकी जमतोय, टी-रेस्क्यू, म्हणजे दुसऱ्याची उलटलेली होडी आपल्या होडीवर आडवी ओढून रिकामी करणं, करताना आता धांदल उडत नाही, भरती-ओहोटीचे तक्ते वाचता येतात. मग गाईड व्हायचं तर पुढे काय? असं विचारणारं कुणी ना कुणी दरवर्षी भेटतंच. त्यांच्यापुढे साधारण दोन वाटा असतात. लीडरशिपचा कोर्स करायचा, परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र घेऊनच कामाला लागायचं, ही एक. दुसरी म्हणजे सहली नेणाऱ्या एखाद्या संस्थेत मदतनीस म्हणून अख्खा हंगाम काढायचा आणि कोर्सचं नंतर बघायचं. मी दुसरी वाट धरली. माझ्याबरोबरच पॅडल धरायला शिकलेल्या मित्राने पहिली धरली. पुढे मी कोर्स केला आणि त्याने हंगाम केले, त्यामुळे आज दोघांच्या हातात सारखाच कागद आहे. खाली जे लिहितोय ते एवढ्या दोन माणसांच्या अनुभवावर, तेव्हा त्याला मोजमाप समजू नका.

कोर्सची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. हंगामात वर्षभर तुकड्यातुकड्याने कानावर पडणारं ज्ञान कोर्समध्ये काही दिवसांत नावासकट मिळतं. गटापासून किती अंतरावर राहायचं, कुठल्या बाजूला राहायचं, याबाबत मी हंगामभर अंदाजपंचे चाललो होतो. कोर्सला ब्रिटिश पद्धतीतलं एक सूत्र शिकवलं: संवाद, नजरेचा टप्पा, धोका आधीच टाळणं आणि आपण सगळ्यात जास्त उपयोगी पडू अशी जागा. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'क्लॅप' होतं. त्यातलं चौथं कलम मला सगळ्यात उशिरा कळलं. वारा अंगावर येत असताना गाईड जर गटाच्या वाऱ्याकडच्या अंगाला असेल, तर कुणी उलटल्यावर वाऱ्याच्या जोरावरच तो झटकन त्याच्यापर्यंत पोचतो. खालच्या अंगाला असेल तर वाऱ्याशी झुंजत जावं लागतं. माझे मुख्य गाईड हे रोज करत होते, मी रोज बघत होतो, आणि तरी ते का करतात हे मला दिसलं नव्हतं.

भरतीच्या बाराव्या हिश्श्याच्या नियमाचंही तसंच. सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से चढतं, म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी हलतं. पाठ होतं मला. पण खाडीच्या अरुंद तोंडाशी आपला गट तिसऱ्या तासाला पोचणार आहे, हे निघण्याआधी नकाशावर पेन्सिलीने लिहायची शिस्त कोर्सने लावली.

शिवाय कोर्स तुमच्या वाईट सवयी उघड्या पाडतो. हंगामभर मी टेलला, म्हणजे गटाच्या शेवटी, होतो. टेलच्या माणसाला सगळा गट आयता समोर दिसतो. कोर्सला पहिल्यांदा पुढे राहिलो आणि दहा मिनिटांतच परीक्षकांनी विचारलं, "मागे किती जण आहेत?" मी ठामपणे सांगितलं, सहा. वळून बघितलं तर पाच. सहावा मुद्दामच एका खडकाआड थांबला होता. मागे वळून बघायची सवय माझ्या मानेला लागलीच नव्हती, आणि ती लागायला पुढचं अर्धं वर्ष गेलं.

हंगामात सगळं आपोआप शिकता येतं, कोर्स म्हणजे नुसता कागद, असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी लाइम बेची घटना जरूर वाचावी. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून आठ विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक असा गट कयाक घेऊन निघाला. शिक्षक पुन्हा पुन्हा उलटू लागले, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी अडकला, आणि दुसऱ्याबरोबर असलेली मुलं एकमेकांच्या होड्या धरून वाऱ्याबरोबर खोल समुद्रात वाहत गेली. त्यांपैकी चौघं दगावली. प्रशिक्षकांकडची पात्रता अगदी प्राथमिक होती. त्यानंतर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये मुलांच्या साहसी उपक्रमांच्या केंद्रांना परवाना लागू करणारा कायदा झाला. एका माणसाच्या मदतीत गुंतून बाकीचा गट हातचा जाणं हे गाईडचं सगळ्यात जुनं दुखणं आहे. कोर्समध्ये त्याचा सराव करून घेतात. हंगामात तो सराव होतोच असं नाही. खरं तर होऊच नये.

इतकं सगळं मान्य करूनही माझं माप दुसरीकडे झुकतं. कारण म्हटलं तर क्षुल्लक आहे.

कोर्सला नेतृत्व वाटून मिळतं. सहा उमेदवार आणि दिवस एकच, म्हणून प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं. माझ्या कोर्सला सकाळची पहिली पाळी एका चुणचुणीत उमेदवाराची होती. त्याने वारा पाठीशी घेऊन गट भूशिराला वळसा घालून पलीकडे नेला. गट एकत्र, खुणा स्पष्ट, सगळं देखणं. परीक्षकांनी कौतुकही केलं. मग पाळी बदलली. नंतर आणखी एकदा बदलली. परतीला तोच वारा छातीवर घ्यायची वेळ आली तेव्हा पाळी माझी होती. आम्हाला तिकडे नेणारा उमेदवार माझ्या टो लाइनला, म्हणजे ओढायच्या दोरीला, बांधलेल्या होडीत बसून थकल्याचं छान नाटक करत होता. संध्याकाळच्या चर्चेत माझ्या दोरीच्या लांबीवर बोलणं झालं, हुक कुठे अडकवला यावर झालं. सकाळी त्या बाजूला जायलाच हवं होतं का, हे कुणी विचारलं नाही. त्याची पाळी केव्हाच संपली होती आणि त्या पाळीत त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

यात शिकवणाऱ्यांचा दोष नाही. एका दिवसात सहा जणांना तपासायचं तर दुसरं काय करणार? पण मला ते फार खुपलं, आणि आजही खुपतं. गाईडचा निर्णय पिकायला चार-पाच तास लागतात. वीस मिनिटांत त्याची नुसती कळी दिसते.

हंगामातली माझी सकाळ याच्या शेजारी ठेवून बघा. तिसऱ्या महिन्यात मुख्य गाईडने पहिल्यांदा मला विचारलं, आज कुठल्या बाजूला जायचं? वारा जेमतेम होता, वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर २. जाताना वारा पाठीशी राहील अशी बाजू मी निवडली. पाहुणे नवखे होते, सुरुवात सोपी झाली की खूश होतील असा माझा हिशोब. खूश झालेही. चार किलोमीटर अंतर तासाभरात कापलं, वाटेत गप्पा, फोटो. दुपारी किनारा तापला तसे खारे वारे जोर धरू लागले, आणि दोनच्या सुमाराला सगळीकडे लाटांच्या माथ्यावर फेस फुटायला लागला, म्हणजे ब्यूफोर्ट ४ च्या आसपास. नवखा माणूस वारा नसताना ताशी चारेक किलोमीटर जातो. तसा वारा समोरून आला की तो वल्हवत राहतो आणि किनाऱ्यावरचं झाड हलत नाही. परतीला अडीच तासांच्या वर लागले. एक बाई, सकाळी सगळ्यात जास्त बोलणाऱ्या, हळूहळू गप्प झाल्या. काय हवंय विचारलं तर हसून मान हलवायच्या. पॅडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. शेवटचा किलोमीटरभर मी त्यांना ओढत आणलं.

मुख्य गाईड त्यावर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रश्न. मी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला, आणि आम्ही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघालो.

त्या बाईंमुळे आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. कोर्सला घाबरलेल्या पाहुण्याची भूमिका करणारा उमेदवार ओरडतो, हातवारे करतो, तुमची होडी पकडायला धावतो. तसेही पाहुणे असतात, नाही असं नाही. पण माझ्या वाट्याला आलेले बहुतेक घाबरलेले लोक गप्प झालेले होते. आणि कोर्समध्ये उलटणारा माणूस पाण्यात पडला तरी पॅडल सोडत नाही, सांगायच्या आत पाय उचलून होडीत घालतो. तो स्वतः पॅडलर असतो ना!

हंगामाचे काच सांगितले नाहीत तर अन्याय होईल. कामाचा मोठा भाग कोरड्या जमिनीवरचा असतो: होड्या वाहणं, स्प्रे स्कर्ट (होडीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती घालायचं आवरण) धुणं, हॅचमधलं, म्हणजे सामानाच्या कप्प्यातलं, पाणी पुसणं, प्रत्येकाचं फूटपेग (होडीत पाय टेकवायचा आधार) बसवणं. हे शेवटचं कंटाळवाणं वाटतं, पण चुकीच्या अंतरावरच्या फूटपेगमुळे दमलेला माणूस दुपारी तुमच्याच दोरीला येतो, त्यामुळे मी ते शिक्षणातच धरतो. खरा धोका वेगळा आहे. संस्था चुकीची मिळाली तर तुम्ही हंगामभर चुकीचंच शिकता. माझे मुख्य गाईड अबोल होते तरी नेमके होते, हे माझं नशीब. म्हणून रुजू होण्याआधी दोन गोष्टी विचारा. गेल्या हंगामात हवा बघून किती सहली रद्द केल्या? आणि सहलीनंतर गाईड बसून बोलतात का? पहिल्याचं उत्तर 'एकही नाही' असं आलं तर तिथे जाऊ नका, सरळ कोर्सला नाव घाला.

तसंच, पाणी थंड असलेल्या प्रदेशात काम करायचं असेल तर माझा क्रम डोळे झाकून उचलू नका. थंड पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला साधारण एक मिनिट, हातापायांत कामाची ताकद उरते ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास, असा ढोबळ १-१०-१ आडाखा तिथे सांगतात. त्या दहा मिनिटांत नवख्या मदतनिसाने प्रयोग करू नयेत. तिथे रेस्क्यू आणि टोइंगचा छोटा कोर्स आधी, मग हंगाम, मग लीडरची परीक्षा, असा मधला मार्ग बरा. कायद्याने प्रमाणपत्र सक्तीचं असेल तर मुख्य गाईड व्हायला त्याच्याशिवाय पर्यायच नाही, पण प्रमाणित गाईडच्या हाताखाली टेलला राहता येतं का, ते विचारून घ्या.

मित्राला हे पटत नाही. कागद आधी असल्यामुळे त्याला दुसऱ्याच महिन्यात स्वतःचा गट मिळाला, हे तो आवर्जून सांगतो, आणि ते खरंही आहे. त्या पहिल्या हंगामाबद्दल तो एरवी फारसं बोलत नाही. आता त्याच्या हाताखाली नवे गाईड येतात, त्यातले बरेचसे प्रमाणपत्र घेऊन आलेले. पहिला महिनाभर तो त्यांना टेललाच ठेवतो, आणि रोज सकाळी विचारतो, आज कुठल्या बाजूला जायचं?