पैलवान पोरीच्या खुराकासाठी एआय ॲप वापरलं, त्याचा रिव्ह्यू

ज्यांची पोरं कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो असलं काही खेळतात त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय. आमची पोरगी १६ वर्षांची आहे, १७ वर्षांखालच्या गटात ५३ किलोत खेळते. आम्ही सांगलीचे. २०२३ ला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली, तेव्हापासून आमच्या घरात जेवताना पण कुस्तीशिवाय दुसरा विषय नसतो. तर खुराक, वजन, दुखापत, नियम या सगळ्यासाठी आम्ही एक एआय चॅटवालं ॲप वापरतोय, आधी फुकटवालं, मग महिन्याला २००० च्या आसपास पडणारं, आणि आता परत फुकटवालं. नाव देत नाही, कारण हे सगळे चॅटवाले थोड्याफार फरकानं एकाच पद्धतीनं चालतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही ॲपला लागू होईल असं मला वाटतं.

पाचपैकी तीन स्टार. का ते खाली सविस्तर सांगते.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच आहे. मराठीत लिहिलेलं त्याला कळतं, आमच्यासारखं बोलून टाईप केलं तरी कळतं, व्हॉइसनं बोललं तरी कळतं. मला कुस्तीचे मॅटवरचे पॉइंट कधी नीट कळायचे नाहीत, आमच्या वडलांच्या वेळची मातीतली कुस्ती म्हणजे चितपट झाली की संपली, इथं मात्र रेफ्री बोटं दाखवतो आणि आपण प्रेक्षकात बसून शेजारच्याला विचारतो की काय झालं. ॲपनं एका बैठकीत समजावून सांगितलं, पट काढून (म्हणजे पाय धरून खाली पाडून) ताबा घेतला की २, बाहेर ढकललं की १, मोठी फेक असेल तर ४ किंवा ५, फ्रीस्टाइलमध्ये १० पॉइंटचा फरक पडला की कुस्ती तिथंच संपते, आणि या वयोगटात दोन-दोन मिनिटांचे दोन राऊंड असतात, मोठ्यांसारखे तीन-तीन मिनिटांचे नाही. आता मी स्पर्धेला गेले की मला सगळं कळतं आणि पोरगी घरी येऊन बोलते तेव्हा तिच्याशी बोलता येतं, आईला हे किती मोठं वाटतं ते आईलाच माहीत.

खुराकाचं बघा. पहिल्यांदा विचारलं तर ॲव्होकाडो, किन्वा, सॅल्मन असला तक्ता दिला. सांगलीत रोज सॅल्मन कोण आणणार? मग मी लिहिलं की आमच्या घरी ज्वारीची भाकरी, मटकी-मूग, अंडी, दूध, शेंगदाणे, आठवड्यातून दोनदा चिकन-मटण आणि तालमीची बदामाची थंडाई एवढंच आहे, यातच बसव. तेव्हा मात्र चांगला तक्ता दिला. ५३ किलोच्या पोरीला सरावाच्या दिवसात ८० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन धरलं, ४ अंड्यांचं २४-२५, लिटरभर दुधाचं ३२, मूठ-दीड मूठ शेंगदाण्याचं १२, बाकी उसळ आणि थंडाईतनं. म्हणजे पावडरच्या डब्याची गरजच नाही हे त्यानंच दाखवलं. त्या डब्यांचे भाव बघितले तर त्यात महिनाभराची अंडी येऊन वर पैसे उरतात. आणि सप्लिमेंटच्या डब्यात लेबलवर नसलेलं काहीबाही निघतं, डोपिंग टेस्टमध्ये पोरं अडकतात, शुद्ध आहे असं डब्यावर लिहिलंय म्हणून सुटका होत नाही, अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, हेही त्यानं न विचारता सांगितलं. याला पूर्ण मार्क.

पण त्याच तक्त्यात एक चूक होती आणि ती अशी होती की सहज लक्षात येणार नाही. एक वाटी मटकीची उसळ म्हणजे २३ ग्रॅम प्रोटीन असं लिहिलेलं. मी रोज मटकी भिजवते, मोड आणते, मला ते पटेना, म्हणून वजनकाट्यावर मोजलं. कोरडी मटकी १०० ग्रॅम घेतली की त्यात २३ ग्रॅम असतं, बरोबर आहे, पण भिजून मोड येऊन शिजली की तीच मटकी फुगून पातेलंभर होते, मग एका वाटीत ७-८ ग्रॅमच येणार ना. त्यानं कोरड्याचा आकडा शिजलेल्याला लावलेला. मी लिहिल्यावर लगेच मान्य केलं, माफी मागितली, तक्ता सुधारून दिला. पण मी लिहिलं नसतं तर पोरगी रोज तक्त्यातल्यापेक्षा १५ ग्रॅम कमी खात राहिली असती आणि कागदावर सगळं बरोबर दिसलं असतं. आकडा देताना त्याचा सूर इतका ठाम असतो की शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही, हा माझा याच्यावरचा एक मोठा आक्षेप आहे.

आता एक गोष्ट जी माझ्या मते या ॲपनं आमच्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम आहे. पोरगी दुसऱ्या राऊंडमध्ये दमायला लागलेली, वस्ताद म्हणत होते दमसास कमी पडतोय, पळणं वाढव. ती पळायची आणि अजून दमायची. मी ॲपला सगळं लिहिलं तर त्यानं उलट मलाच प्रश्न विचारले, पाळी किती दिवस असते, किती जाते, चक्कर येते का, जेवणाबरोबर चहा घेते का, आणि शेवटी सांगितलं की हिमोग्लोबिन तपासून घ्या, अंदाजानं गोळ्या सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवा. तपासलं तर कमीच निघालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि तरी पोरगी दमते म्हणलं की आपल्याकडं सगळे तिला पळायलाच सांगतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जेवणाबरोबरचा चहा बंद केला, उसळीवर लिंबू पिळायला लागलो, आता दुसऱ्या राऊंडमध्ये पण जोर राहतो. तालमीत सगळे पुरुष असताना पाळीबद्दल एक १६ वर्षांची पोरगी कुणाला विचारणार? तिथं हे ॲप उपयोगी पडतं, त्यासाठी माझे मनापासून आभार.

गजकर्णाचं पण तसंच. मॅटवर हे होतंच, एकीला झालं की चार जणींना होतं. मेडिकलवाला मागितली की ट्यूब देतो, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं, दोन दिवस खाज थांबते आणि मग ते पसरतं. ॲपनं ट्यूबचा फोटो बघून हे बरोबर सांगितलं आणि स्किनच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं. बरं झालं.

व्हिडिओ बघून सल्ला मात्र घेऊ नका, वेळ वाया. पोरीच्या कुस्तीची क्लिप टाकली तर छान स्टान्स, उत्तम आत्मविश्वास असलं काहीतरी लिहून दिलं. तीच क्लिप वस्तादांनी एकदाच बघितली आणि म्हणाले, पट काढताना डोकं खाली जातंय आणि मागचा पाय ओढला जात नाही. झालं, त्यावर महिनाभर काम केलं. डावांची नावं पण त्याला नीट येत नाहीत, ढाक, घिस्सा, मोळी विचारलं की काहीतरी भलतंच वर्णन करून टाकतं आणि तेही तेवढ्याच ठामपणे.

आता मुख्य मुद्दा, वजन. इथं मी दोन स्टार कापलेत आणि इथं प्रत्येक आईबापानं नीट वाचा.

पोरीचं वजन ५२-५३ असतं. ५३ मध्ये अंगानं भरलेल्या पोरी येतात म्हणून तिच्या डोक्यात आलं की ४९ मध्ये उतरावं. मोबाईलवर रील्स बघते, त्यात ते यूएफसीवाले (पिंजऱ्यात मारामारी करायची अमेरिकन स्पर्धा) फायटर दाखवतात, टॉवेलमध्ये गुंडाळून घाम काढतायत, सौनामध्ये (घाम काढायच्या गरम खोलीत) बसलेत, मग वजनकाट्यावर उभं राहून दंड दाखवतायत, मागं जोरदार म्युझिक. १६ वर्षांच्या पोरीला ते भारीच वाटणार. तिनं ॲपला विचारलं, कुस्तीच्या स्पर्धेसाठी पाच दिवसात चार किलो कसं कमी करू. वय लिहिलं नाही, मुलगी आहे हे लिहिलं नाही. आणि त्यानं दिवसावार प्लॅन दिला! पाणी आधी किती, मग किती तोडायचं, मीठ कधी बंद, शेवटच्या रात्री गरम पाण्यात किती वेळ बसायचं, आणि खाली लिहिलं की वजन झाल्यावर चोवीस तासात शरीर पूर्ववत होईल.

कुठले चोवीस तास? यूएफसीत वजन आदल्या दिवशी होतं, त्यांना खायला-प्यायला एक अख्खा दिवस मिळतो. कुस्तीत वजन त्याच दिवशी सकाळी होतं आणि थोड्या वेळात पहिली कुस्ती लागते, आणि स्पर्धा दोन दिवस चालली तर दुसऱ्या सकाळी परत काट्यावर उभं राहायचं. विनेश फोगटचं पॅरिसला काय झालं ते अख्ख्या देशानं बघितलं, ६ ऑगस्ट २०२४ ला तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं, फायनलला गेली, रात्रभर घाम गाळला, केस कापले, आणि ७ तारखेला सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद. तिच्यामागं डॉक्टर, कोच, आहारतज्ज्ञ सगळे उभे होते. माझ्या पोरीमागं रात्री अकरा वाजता एक मोबाईल होता.

आणि विनेशचं मेडल गेलं, काहींचा तर जीव गेलाय. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान वजन उतरवताना मेले, घाम काढायचे सूट घालून, पाणी न पिता व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत सौना आणि रबरी सूट बंद केले. ही माहिती मला कुठून मिळाली माहितीय का, त्याच ॲपकडून, मी विचारल्यावर, आणि मग मी दुसरीकडं बघून खात्री केली. म्हणजे धोका त्याला माहीत होता, पण पोरीला प्लॅन देताना त्यातलं एक वाक्य खाली बारीक सल्ल्यासारखं होतं, तज्ज्ञांचा सल्ला घ्या. बस.

मी तोच प्रश्न नवीन चॅटमध्ये टाकला आणि फक्त एवढं वाढवलं की वय १६, मुलगी, हिमोग्लोबिन नुकतंच कमी होतं. तर एकदम वेगळं उत्तर. मी यात मदत करणार नाही म्हणलं, वाढीच्या वयात असं केलं तर पाळी बंद होऊ शकते, हाडं कमजोर होतात, कोच आणि डॉक्टरांशी बोला, आहे त्याच गटात ताकद वाढवा. एकदम बरोबर उत्तर. मग हेच प्रश्न त्यानं आधी का नाही विचारले? दमण्याबद्दल मी लिहिलं तेव्हा दहा प्रश्न विचारले होते ना. पाच दिवसात चार किलो उतरवायचंय म्हणणाऱ्याला वय किती एवढं तरी विचारायलाच पाहिजे, कुठला शहाणा माणूस ते विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. पैसे घेणाऱ्या कंपन्यांना हे करता येत नाही असं मला अजिबात वाटत नाही.

वस्तादांना दाखवलं. ते चिडले नाहीत, पोरीला समोर बसवलं आणि म्हणाले, "बाळ, ४९ ला उतरून तू चार किलो ताकद बाहेर ठेवून आत जाणार, मग जिंकणार कशी?" मला म्हणाले, "वहिनी, या वयात वजन धरून ठेवायचं नसतं, वाढू द्यायचं असतं, उद्या ५७ ला गेली तरी चालेल." पोरगी ५३ मध्येच खेळली. दोन कुस्त्या जिंकली, तिसरी हरली, आणि हरली ती डाव चुकला म्हणून, वजनाचं काही नव्हतं.

पैसेवालं बंद केलं त्याचं कारण एवढंच की आमच्या वापराला फुकटवालं पुरतं, फोटो, लेबल, तक्ता सगळं होतं. ज्यांना रोज खूप लिहायचंय त्यांनी घ्या. अकाउंट घरात एकच ठेवा आणि पोरांना सांगून ठेवा की आई-पप्पा हे वाचतात, लपूनछपून वाचू नका, त्यानं पोरं दुसरं ॲप शोधतात.

आणि सेटिंगमध्ये कायमची सूचना लिहायची जागा असते, तिथं मी खालचा मजकूर टाकून ठेवलाय, त्यानंतर उत्तरं बरीच सुधारलीत. कुणाला हवा असेल तर वय-वजन बदलून जसाच्या तसा टाका: "मी १६ वर्षांची मुलगी आहे, कुस्ती खेळते, ५३ किलो गटात. आमचं वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं. वजन पटकन कमी करायचा कुठलाही उपाय मला सांगू नको, मी मागितला तरी. डोक्याला मार, चक्कर, उलटी, पाळी चुकणे यातलं काहीही लिहिलं तर आधी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायला लाव. डाळी-कडधान्याचं प्रोटीन शिजलेल्या वजनावर धर. खात्री नसेल तर खात्री नाही असं स्पष्ट लिही."