दूरच्या डोंगलसाठी आरटीएल-टीसीपी की स्पायसर्व्हर?

यूएसबी रेडिओ डोंगल अँटेनाच्या पायथ्याशी एखाद्या छोट्या संगणकाला जोडायचा आणि ऐकायचे मात्र दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवर, असा बेत ठरला की दोहोंमधला दुवा कोणाच्या हवाली करायचा हा प्रश्न उभा राहतो. साध्या आरटीएल-एसडीआर डोंगलपुरते, म्हणजे मुळात टीव्हीसाठी बनलेल्या पण सॉफ्टवेअरच्या मदतीने रेडिओ ऐकवणाऱ्या डोंगलपुरते, बोलायचे तर निवड बहुतेक वेळा दोघांतच होते. ऑस्मोकॉम या मुक्त-स्रोत प्रकल्पाच्या आरटीएल-एसडीआर संचातला आरटीएल-टीसीपी हा जुना आणि सर्वत्र चालणारा कार्यक्रम एका बाजूला, तर एअरस्पाय या रेडिओ बनवणाऱ्या कंपनीचा स्पायसर्व्हर दुसऱ्या बाजूला. मी दोन्ही पुरेसे वापरले आहेत आणि आज माझ्याकडे त्यांपैकी एकच कायम चालू असतो. ती निवड प्रत्येकाला लागू पडेल असा माझा दावा नाही, पण जोडणी बिघडते तेव्हा हे दोघे फार वेगळे वागतात आणि निर्णय तेथेच व्हावा असे मला वाटते. सारे सुरळीत असताना दोन्ही चांगलेच आहेत.

आरटीएल-टीसीपीचे काम अतिशय सरळ आहे. डोंगलमधून येणारे आठ बिटांचे सॅम्पल, म्हणजे रेडिओ-लहरींची क्षणाक्षणाची मोजमापे, जसेच्या तसे टीसीपी जोडणीवर ओतायचे आणि उलट दिशेने येणाऱ्या पाच बाइटांच्या आज्ञा डोंगलला कळवायच्या, एवढेच ते करते. त्यामुळे छोट्या संगणकाच्या प्रोसेसरवर भार जवळजवळ पडत नाही. भार पडतो तो नेटवर्कवर. सेकंदाला २४ लाख सॅम्पल घेतले तर प्रत्येकाचे दोन बाइट धरून (एका सॅम्पलमध्ये आठ-आठ बिटांचे दोन आकडे असतात) ४८ लाख बाइट, म्हणजे ३८.४ मेगाबिट प्रतिसेकंद, आणि तेही अखंड. फाइल उतरवताना वाय-फाय मधे क्षणभर अडखळले तरी कोणाला कळत नाही, कारण फाइल थांबू शकते. रेडिओचे सॅम्पल मात्र कोणासाठी थांबत नाहीत.

स्पायसर्व्हर उलट बाजूने विचार करतो. आपण ऐकत असलेल्या पट्ट्यापुरतेच सॅम्पल तो कापून पाठवतो आणि संपूर्ण बँडचे चित्र वेगळे, विरळ करून देतो. २४ लाखांचा वेग ३२ ने भागून ७५ हजारांवर आणला तर सोळा बिटांतही तो प्रवाह २.४ मेगाबिटांत बसतो. या चित्राचा, म्हणजे वॉटरफॉलचा, डेटा त्यात मिळवला तरी आरटीएल-टीसीपीच्या तुलनेत तो किरकोळच राहतो. याची किंमत छोटा संगणक मोजतो, कारण पट्टा कापण्याचे आणि चित्र तयार करण्याचे काम त्याच्या माथी येते. चार गाभ्यांच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मला याचा त्रास कधी जाणवला नाही. अगदी जुन्या एकगाभ्याच्या पायविषयी मी तितक्या खात्रीने बोलणार नाही.

पहिल्या जोडणीतच जी गाडी अडते, ती दोन्हीकडे साधारण सारखीच अडते आणि तिचे निदानही सारखेच आहे. क्लायंटने, म्हणजे लॅपटॉपवरच्या ऐकण्याच्या कार्यक्रमाने, ‘जोडणी नाकारली’ असे तत्काळ सांगितले तर यंत्रापर्यंत आपण पोचलो आहोत, पण त्याच्या त्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, कोणी ऐकत नाही, असे बहुधा समजावे; बराच वेळ वाट पाहून ‘मुदत संपली’ असे आले तर पत्ता चुकीचा आहे किंवा मधली फायरवॉल पाकिटे गिळत आहे, असे समजावे. आरटीएल-टीसीपीच्या बाबतीत पहिला प्रकार फार दिसतो, कारण तो मुळात १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर, १२३४ या पोर्टला बांधलेला असतो आणि सुरू करतानाच ‘-ए’ हा पर्याय देऊन ०.०.०.० किंवा यंत्राचा खरा पत्ता सांगितल्याखेरीज बाहेरच्या कोणाचे ऐकत नाही. स्पायसर्व्हरच्या नमुना संरचना-फाइलमध्ये ०.०.०.० हा पत्ता आणि ५५५५ हे पोर्ट आधीच लिहिलेले असते, त्यामुळे हा अडथळा तेथे सहसा येत नाही. लिनक्सच्या ‘एसएस’ या आज्ञेने कोणते पोर्ट कोणत्या पत्त्यावर उघडे आहे हे एकदा पाहिले की या वर्गातल्या बहुतेक तक्रारी तेथेच मिटतात.

एवढ्यावरून कोणी निवड करू नये. हे अडथळे एकदाच येतात आणि एकदा ओलांडले की विसरले जातात.

माझा निर्णय ज्या त्रासाने केला तो वेगळा आहे आणि तो समजायला आरटीएल-टीसीपीच्या पोटात थोडे डोकवावे लागते. डोंगलकडून येणारे सॅम्पल तो २,६२,१४४ बाइटांच्या गठ्ठ्यांत घेतो आणि नेटवर्क मोकळे नसेल तर ते गठ्ठे एका रांगेत लावून ठेवतो. ही रांग मुळात ५०० गठ्ठ्यांपर्यंत वाढू शकते. २४ लाखांच्या वेगाने एक गठ्ठा सुमारे ५५ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे पूर्ण भरलेली रांग सुमारे २७ सेकंदांची असते. त्याहून विचित्र गोष्ट अशी की नेटवर्कला दिलासा म्हणून सॅम्पलचा वेग उतरवला तर प्रत्येक गठ्ठा अधिक वेळाचा होतो आणि त्याच रांगेत आणखी जुना काळ मावतो, २०.४८ लाखांच्या वेगाने हाच आकडा ३२ सेकंदांवर जातो.

आता वाय-फाय काही सेकंद अडखळले असे समजा. तेवढ्या वेळात रांग वाढते, आवाज तुटतो आणि दुवा सावरला की आवाज पुन्हा स्वच्छ येऊ लागतो. ऐकणाऱ्याला वाटते की संकट टळले. प्रत्यक्षात पुष्कळ क्लायंट सॅम्पल खऱ्या वेळेच्या गतीनेच खर्च करतात, त्यामुळे साचलेली रांग आपोआप ओसरत नाही आणि आपण त्या क्षणापासून काही सेकंदांपूर्वीचा रेडिओ ऐकत राहतो. पुढच्या प्रत्येक अडखळण्यात त्यात भर पडत जाते. नुसता ऐकणारा असेल तर हे त्याला कळणारही नाही. पण तो वारंवारिता बदलतो तेव्हा आज्ञा डोंगलपर्यंत लगेच पोचते, डोंगल लगेच नव्या ठिकाणी जातो, पडद्यावरची मोजपट्टीही लगेच बदलते, आणि तिच्याखाली वॉटरफॉलमध्ये मात्र मागच्या बँडचे जुने सॅम्पल उमटत राहतात. एकदा सुरू झालेल्या प्रवाहात सॅम्पलखेरीज काहीच नसल्यामुळे, म्हणजे कोणता सॅम्पल केव्हाचा आणि कोणत्या वारंवारितेचा याची नोंदच त्यात नसल्यामुळे, क्लायंटला हा घोटाळा ओळखण्याचा मार्गच नाही. एखादे स्थानक जेथे नाही तेथे ठसठशीत दिसते, मी त्याची नोंद करतो आणि थोड्या वेळाने ते विरून जाते. बँड न्याहाळणे हाच ज्याचा छंद आहे त्याला याहून चीड आणणारे दुसरे काही मला सुचत नाही.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. ‘-एन’ या पर्यायाने रांगेची लांबी दहा-बारा गठ्ठ्यांवर आणता येते, म्हणजे विलंब अर्ध्या-पाऊण सेकंदात अडतो आणि जास्तीचे जुने गठ्ठे सरळ टाकून दिले जातात. माझ्या मते आरटीएल-टीसीपी वाय-फायवर वापरणाऱ्याने हा बदल प्रथम करावा. सर्व्हर ज्या टर्मिनलमध्ये चालू आहे तेथे ‘एलएल+’ अशा ओळी वाढत्या आकड्यांसह उमटू लागल्या तर रांग साचत आहे हेही कळते. तो सेवा म्हणून पार्श्वभूमीत चालवला असेल तर याच ओळी यंत्राच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) शोधाव्या लागतात आणि बहुतेक जण तेथे पाहत नाहीत. पण रांग आखूड केल्याने मूळ अडचण सुटत नाही. दुव्याला ३८ मेगाबिट झेपत नसतील तर पूर्वी जो विलंब होता त्याच्या जागी आता तुटक आवाज येतो. त्यातल्या त्यात तुटक आवाज बरा, कारण तो निदान खरे बोलतो.

स्पायसर्व्हरच्या नमुना फाइलमध्ये बफर, म्हणजे डेटा तात्पुरता साठवण्याच्या जागा, ५० मिलिसेकंदांचे आणि संख्येने दहा, म्हणजे एकूण अर्ध्या सेकंदाचे असतात. शिवाय डेटाच्या प्रत्येक गठ्ठ्याला शीर्षक आणि क्रमांक असल्यामुळे मधला गठ्ठा गळाला तर क्लायंटला ते समजू शकते. मुख्य म्हणजे एवढ्या कमी प्रवाहाला त्या बफरांची गरजच क्वचित पडते. ज्या खोलीत आरटीएल-टीसीपी कायम मागे पडत असे, तेथे त्याच राउटरवर, त्याच लॅपटॉपवर मी स्पायसर्व्हर आता निर्धास्तपणे ऐकतो आणि चकती फिरवली की आवाज लगोलग बदलतो. मी घड्याळ लावून मोजलेले नाही. हाताला जे जाणवते तेवढेच सांगतो.

आणखी एका प्रसंगी फरक जाणवतो, तो लॅपटॉप झाकण मिटून झोपला किंवा वाय-फायच्या टप्प्याबाहेर गेला तर. आरटीएल-टीसीपी एका वेळी एकाच क्लायंटला सेवा देतो. गेलेल्या क्लायंटने निरोप घेतलेला नसतो, म्हणून लिनक्स त्याच्या नावाने पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि मुळातल्या मांडणीप्रमाणे हे पंधरा मिनिटांच्या आसपास चालू शकते. त्या काळात नव्याने जोडू पाहणाऱ्याचे हस्तांदोलन, म्हणजे जोडणीची सुरुवातीची देवघेव, लिनक्सचा कर्नल सर्व्हरला न विचारता पुरे करून टाकतो, त्यामुळे क्लायंट ‘जोडले’ असे दाखवतो पण एकही सॅम्पल येत नाही. पिंग चालते, पोर्ट उघडे दिसते, तरी वॉटरफॉल काळाच राहतो. अशा वेळी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे हाच जलद उपाय असतो. स्पायसर्व्हरमध्ये क्लायंटांची कमाल संख्या एकाहून अधिक ठेवता येते, आणि ती तशी ठेवली तर जुन्या मृत जोडणीने एक जागा अडवली तरी नव्याला दार उघडे असते.

हे सारे वाचून आरटीएल-टीसीपी मोडीत काढावा असा समज होऊ नये. दुवा तारेचा असेल तर वरच्या तक्रारींतल्या बऱ्याचशा उरतच नाहीत. १०० मेगाबिटांचे इथरनेटही ३८.४ मेगाबिट आरामात वाहून नेते, आणि रास्पबेरी पाय ४ वर तर खरे गिगाबिट इथरनेट आहे. जुन्या पाय ३ मध्ये इथरनेट आणि डोंगल एकाच यूएसबी २.० मार्गावरून जातात हे लक्षात ठेवावे, पण एका डोंगलपुरते तेही सांभाळून घेते. संपूर्ण बँड नोंदवून ठेवायचा असेल, जीएनयू रेडिओ या संचात सिग्नल-प्रक्रियेची स्वतःची मांडणी उभारायची असेल किंवा स्रोत उघडा असण्याला महत्त्व असेल, तर आरटीएल-टीसीपी हेच उत्तर आहे, कारण स्पायसर्व्हरचा स्रोत खुला नाही आणि त्यात पूर्ण सॅम्पल मागितले की नेटवर्कवरचा भार पुन्हा पहिल्यासारखाच होतो. स्पायसर्व्हरचा विरळ वॉटरफॉल फार जवळून पाहिला तर धूसर दिसतो हेही खरे. उघडा स्रोत आणि कमी प्रवाह या दोन्ही गोष्टी हव्या असलेल्यांनी एसडीआर प्लस प्लस या ऐकण्याच्या कार्यक्रमाचा स्वतःचा सर्व्हर पाहावा. तो ५२५९ पोर्टवर चालतो आणि डेटा दाबून पाठवू शकतो, पण मला तो इतका काळ वापरता आलेला नाही की या दोघांच्या पंक्तीत बसवावा.

वाय-फायच ठेवायचे असेल तर कोणताही सर्व्हर निवडण्याआधी छोट्या संगणकाच्या वाय-फायची वीजबचत बंद करून पाहावी. ती चालू असताना पिंगचे आकडे मधेच शेकडो मिलिसेकंदांवर उडी मारतात आणि दोष विनाकारण सर्व्हरच्या माथी येतो. नेटवर्कचा वेग मोजणारे ‘आयपर्फ३’ पाच-दहा मिनिटे चालवून सरासरीपेक्षा सर्वांत वाईट सेकंद कोणता होता ते पाहावे; तो ४० मेगाबिटांच्या खाली जात असेल तर माझा कौल कोणत्या बाजूला आहे हे वेगळे सांगायला नको.

घराबाहेरून इंटरनेटवर ऐकायचे असेल तर राउटरवर दोघांचेही पोर्ट उघडे टाकू नये, कारण परवलीचा शब्द दोघेही विचारत नाहीत; वायरगार्डसारख्या सुरक्षित (व्हीपीएन) बोगद्यातून जावे. स्पायसर्व्हरच्या फाइलमध्ये सार्वजनिक निर्देशिकेत नाव नोंदवण्याची एक ओळ असते, तीही आधी तपासून शून्यावर आणावी.

दोन्ही सर्व्हर एकाच यंत्रावर बसवून आलटून पालटून पाहण्यास काहीच हरकत नाही, पोर्ट वेगळे असल्याने त्या बाबतीत ते एकमेकांच्या आड येत नाहीत. डोंगल मात्र एका वेळी एकाच्याच ताब्यात राहतो, म्हणून एक सेवा पूर्ण थांबल्याची खात्री करूनच दुसरी सुरू करावी. एवढे करूनही यूएसबी ताब्यात घेता येत नाही, उणे ६, अशी चूक आली, तर कर्नलच्या टीव्ही-ड्रायव्हरने डोंगल बळकावलेला असतो, आणि तो ड्रायव्हर काळ्या यादीत टाकून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ती जाते.