काच-पॅनेल की वीट? दर्शनी भाग ठरवण्याआधी

इमारतीचा दर्शनी भाग काच आणि पत्र्याच्या पॅनेलचा करायचा की विटांचा, या विचारात असाल तर एक समजूत आधी बाजूला ठेवा. नक्षी नसली की इमारत निर्जीव वाटते, असं नाही. व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस नक्षीकामाचा कट्टर विरोधक; पण तिथल्याच त्याच्या प्रसिद्ध इमारतीचे खालचे मजले हिरव्या शिरांच्या संगमरवराने मढवलेले आहेत. कोरीवकाम नाही, तरी दगडावर नजर रेंगाळते.

फरक पडतो तो अगदी जवळून पाहताना. लांबून दोन्ही देखणे. जवळ गेलं की सपाट पॅनेलवर एक सांधा, मग नुसता कोरा पत्रा, मग पुन्हा तसाच सांधा. विटेत मात्र वीतभर जागेतही दरजा, छटा, भाजणीचे डाग. फिनलंडमधल्या सायनात्सालोच्या नगरभवनात (१९५२) वास्तुकार आल्व्हार आल्टोने विटा मुद्दाम किंचित वाकड्या लावून घेतल्या. तिरपं ऊन आलं की भिंतभर बारीक सावल्या उमटतात. बिनानक्षीची, पूर्ण आधुनिक इमारत, आणि तरी हात लावावासा वाटतो.

काचेवर सरसकट फुली मारणंही अन्यायाचं. वास्तुकार मीस व्हान डेर रोहच्या न्यूयॉर्कमधल्या ३८ मजली सीग्राम इमारतीत (१९५८) ब्राँझच्या उभ्या पट्ट्या काचेच्या पुढे येतात, त्यामुळे दर्शनी भागाला खोली मिळते. समोर मोकळा चौक आहे. स्वस्त नकलांमध्ये पट्ट्याही गेल्या, चौकही गेला. उरली गुळगुळीत काच.

काचेने उजेड भरपूर येतो, पण तापही येतो. मग पडदे दिवसभर ओढलेले, आणि बाहेरून आत माणूस असल्याची खूणच दिसत नाही. वीट जड, काम संथ, गवंडी कसलेला लागतो. विटेसारख्या दिसणाऱ्या पातळ टाइल्स मात्र नकोतच. कोपऱ्यावर त्यांची जाडी उघडी पडते.

मी असतो तर खालचे दोन मजले विटांचे केले असते, वर काच चालेल. माणसं चालतात ती खाली. कंत्राट देण्याआधी जागेवर खिडकीसकट नमुन्याची भिंत उभी करून घ्या आणि संध्याकाळच्या उन्हात जवळून पाहा. खिडकीची चौकट भिंतीत निदान १० सेंटीमीटर आत बसली आहे ना, तेही तेव्हाच मोजा.