गाडीची किल्ली हरवली, आता शोरूम का किल्लीवाला?

आधीच सांगून टाकतो, मी दोन्हीकडे डोकं आणि एकीकडे पैसे घालवून आलोय त्यामुळे हे काही तटस्थ वगैरे लिखाण नाही. तरी जमेल तेवढं दोन्ही बाजूंनी लिहितो, शेवटी गाडी तुमची आणि किल्लीही तुमचीच.

ज्यांची किल्ली नुसती फुटलीये, म्हणजे बटणाचं रबर फाटलंय किंवा पातं मुळाशी हलतंय, त्यांनी या वादात पडूच नका. तीनचारशे रुपयांत नवीन कव्हर मिळतं, आतला मसाला काढून त्यात बसवायचा आणि पातं जुनंच लावायचं किंवा त्याच्यावरून नवीन कापून घ्यायचं. फक्त एक करा, जुनं कव्हर लगेच कचऱ्यात टाकू नका. बऱ्याच गाड्यांत चिप, म्हणजे गाडी जिच्यावरून आपली किल्ली ओळखते ती, रिमोटच्या सर्किटवर नसते, प्लास्टिकच्या डोक्यात वेगळी खोचलेली असते, काळा बारीक तुकडा किंवा तांदळापेक्षा जरा मोठी काचेची नळी, आणि माझ्या भावाने ती कव्हरसकट टाकून दिली होती. मग दारं रिमोटने मस्त उघडतायत, किल्ली फिरतेय आणि गाडी चालू होऊन दोन सेकंदात बंद, डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकतोय. त्या चिपला सेल लागत नाही, इग्निशनभोवती जी रिंग असते तिच्यातून तिला करंट मिळतो, त्यामुळे 'सेल बदलून बघ' हा सल्ला रिमोटपुरताच, गाडी चालू न होण्याला त्याचा उपयोग नाही. भावाने सगळं घर हुडकलं, शेवटी सोसायटीच्या कचऱ्याच्या ड्रममध्ये हात घालून ती नळी काढली, तेव्हापासून त्याला आम्ही पुरातत्त्व खातं म्हणतो.

तर खरा प्रश्न किल्ली हरवल्यावरचा. आमची 2014 ची हॅचबॅक, साधी रिमोटवाली किल्ली, पुश बटण नाही. दोन किल्ल्या होत्या, त्यातली एक घर बदलताना कुठंतरी गडप झाली आणि मी दोन वर्षं म्हणत राहिलो की करून घेऊ, करून घेऊ. 2024 च्या जुलैमध्ये मित्राच्या गाडीतून सिंहगडावर गेलो, म्हणजे आमच्या किल्लीचं तिथं काही काम नव्हतं पण ती सवयीने खिशात होती, आणि आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंत चिखलात कुठंतरी ती पडली. वर भजी खाताना खिशात हात घातला तेव्हा कळलं. उतरताना प्रत्येक वळणावर वाकून बघत आलो, धुक्यात स्वतःचे बूट दिसत नव्हते तिथं किल्ली काय दिसणार.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला गेलो. (नाव लिहीत नाही, माणसं सभ्य होती, दोष त्यांच्या पद्धतीचा.) आरसी, आधार, पोलिसांकडे किल्ली हरवल्याची नोंद केल्याची प्रिंट, मालकाच्या सहीचा अर्ज आणि पूर्ण रक्कम ॲडव्हान्स. इथपर्यंत मला काहीच वाटलं नाही, उलट बरं वाटलं की कुणीही उठून माझ्या गाडीची किल्ली करून घेऊ शकत नाही. पोलिसांची नोंद पुण्यात ऑनलाइन होते, लॉस्ट अँड फाउंड म्हणून आहे, पाच मिनिटांचं काम. किल्ली चॅसी नंबरवरून कंपनीकडून कापून येणार, दहा ते पंधरा दिवस. किंमत प्रोग्रॅमिंग (नवीन किल्लीची गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद) धरून साडेनऊ हजार. हेही ठीक. मग तो ॲडव्हायझर म्हणाला, "किल्ली आली की फोन करतो सर, गाडी घेऊन या."

म्हणलं, किल्ली नाहीये म्हणून तर आलोय.

"हो सर, पण प्रोग्रॅमिंग गाडीशिवाय होत नाही. टो करून आणा."

आता हे ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या सोसायटीत बेसमेंटला दुमजली पार्किंग आहे, एक गाडी खाली आणि एक लोखंडी पाळण्यावर वर. खालची गाडी बाहेर काढल्याशिवाय वरची उतरत नाही. आमची खाली. गाडी लॉक, आत हँडब्रेक ओढलेला, पहिल्या गिअरमध्ये टाकलेली आणि स्टिअरिंग लॉक लागलेलं. टोइंगवाल्याला फोन केला तर त्याने पहिला प्रश्न विचारला, रॅम्पवर उंचीची पाटी काय आहे? 2.2 मीटर. तो म्हणाला, माझी गाडी आत येत नाही, तुम्ही ढकलत वर आणून ठेवा, तिथून उचलतो. दुसरा म्हणाला, चाकाखाली ट्रॉली घालून ओढू, चार माणसं लागतील, साडेचार हजार, आणि जिना-भिंतीला घासलं तर जबाबदारी आमची नाही.

आणि आमच्या डोक्यावर, म्हणजे शब्दशः डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी. काका रिटायर्ड, रोज सकाळी पाषाण तळ्यावर फिरायला गाडीने जातात. पहिल्या दिवशी म्हणाले, "अरे होतं असं, असू दे." दुसऱ्या दिवशी रिक्षाने गेले. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले तर काही बोललेच नाहीत, नुसतं "किल्लीचं?" एवढंच. पंधरा दिवस त्या माणसाला रोज लिफ्टमध्ये भेटायचं या कल्पनेनेच माझा निर्णय झाला. साडेनऊ हजारावर माझं काही म्हणणं नाही, पंधरा दिवसही मी काढले असते, पण ज्यांच्याकडे किल्लीचं काम घेऊन जातोय तेच म्हणतात आधी गाडी आणा, हे काही मला पचलं नाही. त्यांचा माणूस मशीन घेऊन घरी येऊ शकत नाही का, असंही विचारलं. पॉलिसी नाही म्हणाले. काही ठिकाणी येत असतीलही, विचारून बघायला हरकत नाही.

मग किल्लीवाला. मंडईबाहेर छत्री लावून कुलुपाच्या किल्ल्या घासतो तो नाही, हे लोक वेगळे, बाईकवर फिरतात, सॅकमध्ये टॅबसारखं मशीन आणि डिकीत कटिंगचं मशीन. मी तिघांना फोन केले. पहिला म्हणाला अडीच हजारात चिप कॉपी करून देतो. अहो पण कॉपी कशावरून करणार, एक तरी चालू किल्ली हातात असल्याशिवाय क्लोन होत नाही, सगळ्या हरवल्या असतील तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन चिपची नोंदच करावी लागते, हे एवढं मलाही तोवर कळलं होतं. दुसऱ्याने फोन उचलला नाही. तिसऱ्याने गाडीचं मॉडेल आणि साल विचारलं आणि लगेच पुढे, "आरसी आणि आधार तयार ठेवा, नाव जुळलं नाही तर काम करणार नाही." तिथंच मी त्याला हो म्हणलं. जो कागद न बघता तुमची गाडी उघडतो तो उद्या तशीच दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरूनही उघडेल, एवढा साधा हिशोब.

संध्याकाळी सहाला आला. ते लिशी म्हणतात ते पट्टीसारखं हत्यार दाराच्या कुलपात घातलं, खुटखुट करत सातआठ मिनिटांत दार उघडलं (हे बघून जरा पोटात गोळा आला, एवढं सोपं असतं?) आणि त्याच हत्याराने कुलपाच्या आतल्या खाचांची खोली वाचून कागदावर आकडे लिहून घेतले. मग नवीन पातं कापलं, त्याने स्टिअरिंग सुटलं. मग स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला, मशीन जोडलं, त्याने गाडीचा गुप्त पिन कोड काढला आणि दोन नवीन चिपा नोंदवल्या. 46 ची चिप आहे साहेब, म्हणाला, सोपी आहे. मध्ये एकदा बेसमेंटला रेंज नाही म्हणून माझा हॉटस्पॉट घेऊन रॅम्पवर उभा राहिलो, कारण मशीनला सर्व्हरशी बोलायचं होतं. सव्वाआठला गाडी चालू. काका खाली येऊन उभेच होते, त्यांनी किल्लीवाल्याला चहा पाजला, मला नाही.

पहिल्या किल्लीचे साडेपाच हजार, दुसरीचे दोन, एकूण साडेसात हजारात दोन रिमोटवाल्या किल्ल्या, तेही गाडी इंचभर न हलवता. शोरूमला साडेनऊमध्ये एक आणि वर टोइंग.

आता जे आवडलं नाही ते. रिमोटची रेंज कमी आहे. ओरिजिनल किल्लीने मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून गाडी उघडायचो, आता खालच्या पायरीवर यावं लागतं, पावसाळ्यात अजून दोन पावलं पुढं. फ्लिपची स्प्रिंग आठ महिन्यांत ढिली पडली, पातं खिशात आपोआप उघडतं आणि शर्टला भोक पाडतं. बिल म्हणून त्याने लेटरहेडवर हाताने लिहून दिलं, जीएसटी वगैरे काही नाही. आणि कंपनीची किल्ली मूळ कोडवरून कापलेली असते, याची कुलूप वाचून कापलेली, गाडीच्या दारात ती किंचित हिसका देऊन फिरवावी लागते. बायकोला हे अजिबात आवडत नाही, तिच्या मते दोन हजार वाचवून मी रोजची कटकट विकत घेतली. असेलही.

आणि काही लोकांनी सरळ शोरूमलाच जावं असं माझंही मत आहे. एक, पुश बटणवाली नवीन गाडी आणि वॉरंटी चालू असेल तर. माझ्या मेहुण्याची तशी आहे, नाशिकला, त्याची किल्ली वॉशिंग मशीनमधून फिरून आली. दुसरी किल्ली हातात होती, त्यामुळे गाडी चालवत गेला, बारा दिवसांनी पुन्हा गेला, अर्ध्या तासात काम झालं, अठरा हजार गेले पण एक शब्द तक्रारीचा नाही. म्हणजे एक किल्ली शिल्लक असताना 'गाडी घेऊन या' हा त्रासच राहत नाही, आणि तो गेला की शोरूमविरुद्ध माझ्याकडे पैशांशिवाय फारसं बोलायला उरत नाही. दोन, इन्शुरन्समध्ये की रिप्लेसमेंटचं ॲड-ऑन घेतलं असेल तर. त्यात पोलिसांची नोंद आणि पक्कं बिल मागतात, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर कोण पैसे देणार. पॉलिसी काढून एकदा वाचा, झिरो डेपबरोबर (घसारा न कापणारं कव्हर) एजंटने ते टाकलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. तीन, किल्ली चोरीला गेल्याचा संशय असेल तर. कारण चिप उडवली तरी हरवलेल्या किल्लीचं पातं तेच राहतं, त्याने गाडी चालू होणार नाही पण दार उघडेल. सिंहगडाच्या चिखलातल्या किल्लीला माझं पार्किंग कसं सापडणार म्हणून मी सोडून दिलं, पण पर्स चोरीला गेली आणि त्यात किल्लीबरोबर घरचा पत्ताही होता असं असेल तर पूर्ण लॉकसेट, म्हणजे सगळी कुलपं आणि किल्ल्या, बदला, तो कंपनीचाच घ्या.

काम कुठंही करा, पोलिसांच्या नोंदीची प्रिंट आणि बिल आरसीच्या झेरॉक्सबरोबर ठेवून द्या. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले मूळच्या दोन्ही किल्ल्या मागतात, तेव्हा एक कुठं गेली ते सांगायला कागद लागतो.

हे सगळं होऊन तीन आठवडे झाले आणि घर बदलतानाची ती पहिली किल्ली सापडली. मिक्सरच्या जुन्या खोक्यात, चटणीच्या भांड्यात. दार उघडलं, गाडी अर्थातच चालू होईना, कारण नवीन नोंद करताना जुन्या सगळ्या उडाल्या होत्या. किल्लीवाल्याला परत बोलावलं, म्हणाला ओरिजिनल आहे ना, फेकू नका, त्याच गाडीवर परत चढते, पण तिन्ही किल्ल्या एकदम समोर लागतील. वीस मिनिटं लागली, पाचशे घेतले. आता ती ओरिजिनल मी वापरतो, जिन्याच्या वरच्या पायरीवरून गाडी उघडते, ढिल्या स्प्रिंगची बायकोकडे आहे, आणि तिसरी दुसऱ्या मजल्यावर काकांकडे ठेवलीये, त्यांनी स्वतःहून मागून घेतली.