अंडरबॉडी कोटिंगच्या नावाखाली ३४,००० ला गंडवलं, गाडी जुनी असेल तर वाचाच

आमची वॅगनआर २००९ ची, पेट्रोल. घर समुद्राला अगदी लागून, त्यामुळे खारी हवा पत्र्याचं काय करते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वरून गाडी चकाचक, खाली मात्र दोन्ही रनिंग बोर्ड (दारांखालची पत्र्याची पट्टी) फुगलेले आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मऊ पडलेला. २०२४ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होत होती, पासिंग करायचं होतं (त्याची फी आता ५,००० झालीय, ग्रीन टॅक्स वेगळा), म्हणलं त्याआधी खालचं काम एकदाचं नीट करून घेऊ.

गॅरेजचं नाव इथे टाकत नाही, केस चालू आहे. शहरातलं आहे, गाडी घरून नेतात, घरी आणून देतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आधीचे-नंतरचे फोटो पाठवतात. रेट दिला तो असा: दोन्ही रनिंग बोर्ड कापून नवीन पत्रा वेल्डिंग १६,०००, फ्लोअरला पॅच ९,५००, गंज काढून प्रायमर आणि कोटिंग ८,५००. एकूण ३४,०००. पाच वर्षांची वॉरंटी. १५,००० मी जीपे केले आणि १९,००० डिलिव्हरीच्या वेळी कॅश दिले. कॅश का दिले म्हणून मला शहाणपण शिकवू नका, बिल हवं तर १८% जीएसटी म्हणजे वरती ६,१२० रुपये पडत होते आणि आपल्याकडे किती जण डेंटिंगवाल्याकडून पक्कं बिल घेतात ते मला माहीत आहे.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं अजून फिरतं ती सांगतो. गाडी संध्याकाळी आली, अंधार पडत आलेला. खाली वाकून बघितलं तर सगळं काळंभोर, डांबराचा वास. मी हात घालायला गेलो तर आणून देणारा पोरगा म्हणतो "दादा हात नका लावू, ओलं आहे, दोन दिवस धुवू पण नका". ठीक. पण मी दार उघडून सीट मागे सरकवली तर खालच्या मॅटिंगच्या घडीत मागच्या गणपतीतले चुरमुरे जसेच्या तसे. सीटच्या बोल्टवर पण तीच धूळ, पाना लागल्याची खूण नाही. अरे, फ्लोअरला वेल्डिंग मारायचं तर सीट आणि मॅटिंग काढावंच लागतं, नाहीतर ठिणगीने गाडी पेटेल! बायको म्हणाली पण, "अहो, आतून काही हलवलेलं दिसत नाहीये". आणि मी तिलाच सांगितलं की ते खालून मारतात. पोरगा समोर उभा, गाडी सुरू, हातात मोजलेले पैसे, अशा वेळी कोण मॅटिंग उचकटत बसतं? तुम्ही बसला असतात का?

जुलैमध्ये पंक्चर झालं. पावसात जॅक लावला, जॅक वर चाललाय पण गाडी उचलतच नाहीये. कर्रर्र आवाज आला आणि जॅकचं टोक रनिंग बोर्डात घुसलं. गावातल्या जुन्या डेंटर काकांकडे नेली, त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत ठोकत नेलं, एका ठिकाणी आवाज बद्द झाला, तिथे टोक लावलं तर आरपार. आत काय होतं सांगू? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, त्यावर फोम, त्यावर लांबी (पुट्टी), त्यावर काळं कोटिंग. नवीन पत्रा एक इंच पण नाही. शिवाय रनिंग बोर्डाला पाणी निघून जायला खाली भोकं असतात ती सगळी कोटिंगने बुजवलेली, म्हणजे पाणी आत साठून जो थोडा चांगला पत्रा होता तो पण पापडासारखा झालेला. काहीच केलं नसतं तर गाडी बरी राहिली असती, हे काकांचे शब्द.

लोहचुंबक घेऊन जा रे बाबांनो. पत्र्याला चिकटतं, लांबीला चिकटत नाही. दहा रुपयांचं असतं.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणे "जॅक चुकीचा लावलात, वॉरंटी गेली". इन्शुरन्सवाल्यांनी तर गाडी बघितलीच नाही, गंज म्हणजे झीज, पॉलिसीत बसत नाही. ते निदान लिहिलेलं तरी असतं. पण पोलीस! दीड तास बाकावर बसवलं, मग साहेब म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. मी म्हणलं सिव्हिल कसं, पैसे घेऊन काम केलंच नाही, ४२० लावा. तर मला सांगतात, "४२० गेलं आता, १ जुलैपासून ३१८ आलंय". म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम. बरं, मग ३१८ लावा! तर पुन्हा सिव्हिल मॅटर. नवा आकडा सांगण्यापलीकडे त्या माणसाने काहीही केलं नाही, अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला.

आणि सगळ्यात कहर म्हणजे पासिंग. ह्याच गाडीला मे महिन्यात पासिंग मिळालेलं आहे! आरटीओच्या इन्स्पेक्टरने चासी नंबर बघितला, लाइट बघितले, खाली एक नजर टाकली, काळं दिसलं, पास. पाच वर्षं पुढे. मी तेच विचारायला गेलो की साहेब, पायाखाली पत्रा नसलेली गाडी रस्त्यावर चालेल असं तुम्ही लिहून कसं दिलंत, तर उत्तर मिळालं की खाजगी गॅरेजशी आमचा संबंध नाही. मी गॅरेजचं विचारलंच नव्हतं. मग आपण ५,००० कशाचे भरतो?

गंजावर थेट कोटिंग मारू देऊ नका, आधी घासून पांढरा पत्रा दिसला पाहिजे, मग प्रायमर, आणि हे सगळं कोटिंगच्या आधी स्वतः जाऊन बघायचं, फोटोवर नाही. मला पाठवलेल्या फोटोत नीट बघितलं तर सायलेन्सरच दुसऱ्या गाडीचा आहे. कापलेला जुना पत्रा परत मागा, नाही दिला तर समजून जा. पेमेंट सगळं ऑनलाइन, कारण आज माझ्याकडे पुरावा फक्त १५,००० चा आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील नसला तरी चालतं, मुदत दोन वर्षांची. डेंटर काकांकडून लेखी रिपोर्ट घेतलाय, जाळी पिशवीत बांधून ठेवलीय. गॅरेजवाल्याने मध्यस्थाकरवी ५,००० देऊन मिटवायचा निरोप पाठवला, मी नाही म्हणलं. परवा त्याच्याच नंबरवरून मेसेज आला, पावसाळी ऑफर, कोटिंगवर २०% सूट. त्याचा पण स्क्रीनशॉट तक्रारीला जोडतोय.